शंभर गुणांचं लक्ष

शाळेने आठवडाभर एक ॲप आजमावून पाहिलं. वर्गातल्या कॅमेऱ्यातून ते मुलांचं लक्ष मोजायचं. पन्नासच्या खाली गुण पडले, की मूल पुढच्या आठवड्यापासून थेट ‘ड’ तुकडीत जाणार! दुसरीतल्या रेवाला पडले एकतीस, कारण विचार करताना ती वेणीशी चाळा करत खिडकीबाहेर बघते.

पालकसभेत ॲप दाखवायला तसाच एक कॅमेरा आणि पडदा लावला होता. तिथे तिची आई शलाका उठली. घरी पाठ केलेलं भाषण ती दारातच विसरली होती. आपण बोललो आणि राग पोरीवर निघाला तर? तरी ती म्हणाली, “साहेब, कॅमेरा जरा व्यासपीठाकडे फिरवता का?”

“फिरवा की! आम्हाला कसली भीती?” संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब हसले.

पाच मिनिटांत पडद्यावर आकडे उमटले. घाम पुसत घड्याळ बघणाऱ्या बापूसाहेबांना बावीस. मुख्याध्यापिकाबाईंना चाळीस. शंभरपैकी शंभर एकालाच मिळाले, त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या हार घातलेल्या संस्थापकांच्या तसबिरीला.

सभेत हशा पिकला. शलाका मात्र हसली नाही. ती म्हणाली, “साहेब, माझी रेवा चुळबुळते, कारण ती जिवंत आहे. शंभर गुण हवेत म्हणून तिची तसबीर करू नका.”

बापूसाहेबांनी स्वतः उठून कॅमेऱ्याची वायर उपटली. रेवाची तुकडी बदलली नाही.