खिडकीतला डाग

९ डिसेंबर. सकाळपासून ढगाळ. वारा पडलेला, मठाचा ध्वज दिवसभर काठीला चिकटून होता.

"पण हा डाग तुम्ही का पुसलात, मास्तर?"

केशवगिरी महाराजांनी विचारलं तेव्हा हणमंत तोडकर मास्तर हसले. ते गावच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतात. महाराजांचे जुने शिष्य. मठाच्या पेटीतल्या काचेच्या निगेटिव्ह त्यांनी महिनाभर खपून स्कॅन केल्या. उद्या त्यातला एक फोटो मोठ्या पडद्यावर लावून ते नववीच्या मुलांना गावातली प्लेगची साथ शिकवणार होते. त्याआधी महाराजांचा आशीर्वाद हवा होता, म्हणून टॅबवर पहिला स्कॅन आणि साफ केलेला फोटो दोन्ही दाखवायला मठात आले होते.

फोटोत वेशीजवळचं घर होतं. साथीत सगळं गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हाचं. आज त्या घराचं नुसतं जोतं उरलंय. त्या जोत्यावर मठातून रोज संध्याकाळी एक भाकरी ठेवली जाते. का, ते महाराजांच्या गुरूंनाही ठाऊक नव्हतं. भाकरी मी थापतो, मीच नेतो. वाटेत मास्तर भेटले की म्हणतात, "काय दत्तोबा, कुत्र्यांचं जेवण निघालं?"

"खिडकीत काचेला बुरशी होती, महाराज," मास्तर म्हणाले. "राहू दिली तर मुलं तेच विचारत बसतील. गाव रिकामं होतं. ही बघा, दाराला बाहेरून कडी. पुरावाच आहे."

महाराज त्या कडीकडे बघत राहिले...

मग त्यांनी मूळ काच मागितली. मी आणून दिली. मास्तरांनी ती दारातल्या उजेडात धरली. काचेवर सगळं उलटं दिसतं. आभाळ काळं, सावल्या पांढऱ्या. खिडकीत डाग होता.

"पुसा."

मास्तरांनी मऊ कापडाने काच पुसली. डाग तसाच.

महाराजांनी भिंग पुढे केलं.

मास्तर बराच वेळ वाकून बघत होते.

"याला बोटं आहेत," ते म्हणाले. "गज धरलाय."

"कडी कुठून आहे म्हणालात?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

त्यांनी टॅब उघडला, साफ केलेला फोटो काढून टाकला आणि पहिला स्कॅन परत ठेवला. उद्या मुलांना हाच दाखवतो, म्हणाले. आशीर्वाद मागितला नाही. उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले.

"महाराज, त्या डागाच्या खाली आणखी एक होता. गजांच्या पायथ्याशी. बारका. तोही मी पुसला होता."

...

बाहेर अंधारून आलं. मी चुलीपाशी पीठ मळायला घेतलं होतं. महाराजांनी आतून हाक मारली.

"दत्तोबा, आजपासून दोन थापा. दुसरी लहान."