गिनिपिगची गादी

डोंगराच्या कुशीत एक जंगल होते, जंगलात एक ओढा होता, ओढ्याकाठी एक जुना उंबर होता आणि त्या उंबरावर एक माकडीण राहत असे. माकडीण म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल एखादी धांदरट, उड्या मारणारी. ही तशी नव्हती. ही भारी टापटिपीची. उंबराखालचे अंगण ती डहाळीच्या झाडूने झाडून लख्ख ठेवी आणि तिथे कुणी एक पान जरी टाकले तरी त्याची खैर नसे. तिची आणखी एक खोड आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. सोलल्याशिवाय ती काही खात नसे. केळे सोलायची, काकडी सोलायची, इतकेच काय, शेंगेतला दाणा काढून त्याचेही साल काढायची. "सालं खातात ती गुरं," असे ती म्हणे, आणि गुरे समोर उभी असली तरी म्हणे.

एकदा जंगलाच्या कडेला माणसे सहलीला आली. खाल्ले, प्यायले, गाणी म्हटली, आणि परत निघताना गाडीत सामान कोंबण्याच्या गडबडीत एक वेताची टोपली गवतातच विसरली. माकडिणीने टोपलीचे झाकण उघडून पाहिले तर आत एक गिनिपिग. उंदराहून मोठा, सशाहून लहान, शेपटीचा पत्ता नाही, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. तिला पाहून तो आधी थरथरला, मग तिच्या हातातले केळे दिसताच त्याने अशी काही शीळ घातली की माकडीण दोन पावले मागे सरली. "व्हीक, व्हीक, व्हीक!" तिला स्वतःचे पिल्लू नव्हते. तिने त्याला उचलून छातीशी धरले आणि त्या घटकेपासून तो तिचा झाला.

उंबराच्या बुंध्याशी एक ढोली होती, तिथे त्याचे घर झाले. टोपलीत होते ते वाळके गवत माकडिणीने आत पसरून दिले. गिनिपिग त्यावर झोपला आणि सकाळी माकडीण बघते तर काय, निम्मी गादी गायब. पठ्ठ्या तिच्यासमोरच एक काडी कुरूकुरू चावत बसला होता.

"शी, अंथरूण खातं का कुणी?" माकडीण म्हणाली. "मी मेले होते का तुला खायला द्यायला?" तिने ते सगळे गवत झाडून ओढ्यापलीकडे फेकले आणि ढोलीत शेवरीचा मऊमऊ कापूस अंथरला. मग सुरू झाले लाड. सोललेले केळे, सोललेली काकडी, साल काढून कुस्करलेली उंबरे. चावायचे श्रम म्हणून पडू दिले नाहीत तिने त्याला. गिनिपिग शीळ घालायचा आणि मिळेल ते गिळायचा. मावशी एवढ्या हौसेने देते म्हणजे चांगलेच असणार, असे त्याला वाटे. जंगलात जो तो म्हणू लागला, मावशी असावी तर अशी. हे ऐकून माकडिणीची मान आणखी ताठ होई.

आणि एके दिवशी सकाळी शीळ आलीच नाही.

माकडिणीने केळे पुढे केले. गिनिपिग लगबगीने आला, केळ्याला तोंड लावले आणि मागे सरला. पुन्हा आला, पुन्हा सरला. मग कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहिला. त्याची हनुवटी ओली झाली होती. "काय झालं रे?" तिने विचारले. "काही नाही, मावशी," तो पुटपुटला. "नको वाटतंय." केळे जाड झाले असेल म्हणून तिने ते आणखी कुस्करले. मग पाणी घालून पातळ केले. सूर्य डोक्यावर आला तरी त्याच्या पोटात कण गेला नाही.

अशा बातम्या जंगलात पसरायला वेळ लागत नाही, विशेषतः कावळा जवळपास असला तर. कावळा उंबरावर येऊन बसला, मान तिरकी करून त्याने आत पाहिले आणि म्हणाला, "लक्षण काही ठीक नाही. हा दिवस मावळेपर्यंत टिकला तरी खूप."

"तुझ्या जिभेला काही हाड?" असे म्हणत अस्वल धापा टाकत आले. त्याच्या हातात पोळ्याचा तुकडा होता आणि मध कोपरापर्यंत ओघळला होता. त्याने वाकून गिनिपिगकडे निरखून पाहिले. "अहो माकडीणमावशी, याच्या तोंडाला तर पाणी सुटलंय. याला मध हवाय." गिनिपिगने मधाकडे पाठ फिरवली. मग कावळ्याने कुणा सहलीवाल्यांनी टाकलेला भज्याचा तुकडा आणला, तोही नाकारल्यावर स्वतःच खाल्ला. ज्याला जे आवडे ते तो घेऊन येई, आणि गिनिपिग प्रत्येकाकडे बघून मान खाली घाली. माकडीण इकडून तिकडे येरझारा घालत होती. झाडू हातात होता, पण झाडायचे तिला सुचत नव्हते.

नेमका त्याच वेळी वरून तिच्या डोक्यावर भुसा पडला. उंबराच्या वरच्या फांदीवर एक खार राहत असे. दिवसभर काहीतरी कुरतडायची आणि त्याचा चुरा खाली अंगणात पाडायची. या चुऱ्यावरून माकडिणीचे आणि तिचे रोज वाजे.

"बाई गं, माझा जीव टांगणीला लागलाय," माकडीण ओरडली. "आज तरी तुझी ती कुरकुर बंद ठेव."

"मी काय हौसेने कुरतडते?" खारही काही कमी नव्हती. ती तरातरा खाली आली. "बसून बघा जरा दिवसभर न कुरतडता. आमचे दात वाढत राहतात, वाढत राहतात. घासले नाहीत तर वाकडे होऊन टाळ्याला लागतील. मग मी जेवू कशी? तुमच्या अंगणापायी उपाशी मरू का?"

"अगं, पण निदान त्या बाजूला..." माकडीण बोलता बोलता थांबली. "थांब. काय म्हणालीस? दात पडतात हे मला ठाऊक आहे. वाढतात?"

"माझे वाढतात. रोज वाढतात."

माकडिणीच्या हातातला झाडू गळून पडला. ती तशीच ढोलीत शिरली, गिनिपिगला मांडीवर घेतले आणि त्याचे ओठ हलकेच वर केले. एवढे दिवस त्या तोंडात घास भरवले, पण ते तोंड उघडून तिने कधी पाहिले नव्हते. आत पुढचे दात लांबच लांब वाढून आत वळले होते, विळ्यासारखे. वरचे खालच्यांना अडत होते. तोंड नीट मिटत नव्हते, म्हणून लाळ गळत होती. मध हवा म्हणून नव्हे.

आणि तिला ते वाळके गवत आठवले. ती कुरूकुरू चावलेली काडी आठवली. आपण ते गवत कसे नाक मुरडून फेकले, तेही आठवले.

"याच्या दातांचं काम मी हिसकावून घेतलं," ती म्हणाली आणि तिथेच मटकन बसली. "सोलून सोलून मीच याला मारलं गं."

"मारलं नाही अजून," खार म्हणाली. आता तिचाही राग गेला होता. "रडायचं मागाहून बघू. आम्हा कुरतडणाऱ्यांच्या पोटाला फार वेळ रिकामं राहणं सोसत नाही, एकदा थांबलं की थांबलंच. आधी सांगा, याच्या लेंड्या कुठायत?"

माकडिणीने ढोलीत नजर फिरवली. आज सकाळपासून ढोलीत झाडायला काही नव्हतेच. खरे सांगायचे तर सकाळी तिला त्याचा आनंदच वाटला होता.

मग काय धावपळ उडाली म्हणता! माकडीण ओढ्यावर गेली आणि खरखरीत, बोटाएवढा दगड शोधून आली. अस्वलाने गिनिपिगला दोन पंजांमध्ये धरले. एवढे मोठे अस्वल, पण जोरात धरले तर चिरडेल आणि हलके धरले तर निसटेल या भीतीने श्वास रोखून बसले होते. खारीने त्याचे दोन्ही ओठ मागे ओढून धरले. आणि माकडीण इवल्याशा दातांवर दगड घासू लागली, हलक्या हाताने, थांबत थांबत. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. "सूर्य बघ किती खाली गेला," कावळा वरून म्हणाला. "तू वर बसून बोलू नको, पाणी आण," अस्वल म्हणाले, आणि नवल म्हणजे कावळ्याने चोच भरून पाणी आणले. (तुमच्या घरी गिनिपिग असेल तर असा धोंडा घेऊन बसू नका हं. त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. या जंगलात डॉक्टर नव्हते.)

दात एकमेकांना अडायचे थांबले तेव्हा माकडिणीने हिरवे गवत वाटून त्याचा रस काढला. साल काढायला गवताला साल नसते, त्यामुळे तिची पंचाईतच झाली. पानाचा द्रोण करून तिने एक थेंब त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात सोडला. थेंब तसाच राहिला. दुसरा सोडला. सगळे बघत होते. गिनिपिगचा गळा हलला. "गिळलं," अस्वल कुजबुजले. मग थेंबामागून थेंब, थोडे थांबून पुन्हा थेंब. माकडीण त्याचे पोट हळूहळू चोळत राहिली.

"तू मला सांगितलं का नाहीस, सोन्या?" तिने विचारले.

"तू किती हौसेने सोलायचीस, मावशी," तो बारीक आवाजात म्हणाला. "नको कसं म्हणू?" माकडिणीने डोळे पुसले आणि पुन्हा द्रोण उचलला.

आता एकच गोष्ट बाकी होती. पोट चालू झाले की नाही ते कळायला हवे होते. तुम्ही हसाल, पण अख्खे जंगल गिनिपिगच्या पाठीमागच्या बाजूकडे डोळे लावून बसले होते. अस्वल बसले होते, खार बसली होती, मघापासून मरणाची भाषा करणारा कावळासुद्धा पंख मिटून बसला होता. सूर्य डोंगराला टेकला. आणि कापसावर टप्पकन एक काळी, लांबोडकी, गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी लेंडी पडली.

"पडली!" कावळा ओरडला. "लेंडी पडली!" आणि तो ही बातमी सांगत ओढ्यापलीकडे, टेकडीपर्यंत उडत गेला. अस्वलाने खारीला उचलून डोक्यावर घेतले. एका लेंडीपायी एवढा आनंद त्या जंगलात त्याआधी कधी झाला नव्हता. टापटिपीच्या माकडिणीने ती लेंडी झाडली नाही. नुसती बघत राहिली.

मग ती उठली आणि पळत ओढ्यापलीकडे गेली. तिने फेकलेल्या गवतातले बरेचसे वाऱ्याने उडून गेले होते. उरले ते तिने वेचले, आणखी वाळलेले गवत उपटले, आणि कवळभर आणून कापूस बाजूला सारून ढोलीत पसरले. गिनिपिगने गवताचा वास घेतला. एक काडी दातांत धरली. कुर्र. थांबला. कुर्र, कुर्र. आणि मग त्याने मान वर करून शीळ घातली, सकाळपासून जी कुणी ऐकली नव्हती.

"व्हीक, व्हीक, व्हीक!"

तेव्हापासून त्या उंबराखाली गंमत चाले. माकडीण रोज सकाळी ताज्या वाळक्या गवताची जाड गादी घाली आणि संध्याकाळपर्यंत गिनिपिग ती फस्त करी. अंगणभर गवताच्या काड्या, वरून खारीचा भुसा. झाडू कोपऱ्यात पडून असे. कुणी नवखा वाटसरू ढोलीत डोकावून म्हणे, "अहो मावशी, हा तर अंथरूण खातोय." त्यावर माकडीण केळे सोलता सोलता हसून म्हणे, "खाऊ दे. केळं माझं आहे, गादी त्याची आहे."

तात्पर्य : ज्याच्यावर माया करायची त्याला काय हवे, हे त्याच्याकडे पाहून ओळखावे, आपल्या आवडीने केलेले लाड त्याच्या जिवावर बेतू शकतात.