पाठ फिरवून बसलेला मुलगा

खूप जुनी गोष्ट आहे, तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही ती जुनीच वाटली असती. एका डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं. गावाची शाळा मोठ्या वडाखाली भरायची आणि वडाच्या उंच फांदीला आग्या मोहोळ होतं. आपण छेडलं नाही तर ते काही करत नाही, असं सगळे म्हणत आणि विषय सोडून देत.

शाळेत कुंभाराची एक मुलगी यायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. गुरुजी आधी तिच्याकडून ती भाषा शिकले, मग सगळ्या मुलांना शिकवू लागले. रोज पाढे झाले की हातांचा धडा. त्या वेळी कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

हे कळताच पाटील तरातरा शाळेत आले. "गुरुजी, बोलत्या पोरांना मुकं करता व्हय? माझ्या पोराला हे खूळ नको."

"पाटील, ती पोर एकटी पडते हो."

"पडू द्या!"

तेव्हापासून हातांच्या धड्याला पाटलांचा मुलगा खोडाकडे तोंड करून बसायचा. धडा संपला की गुरुजी हाक मारत, मग तो वळायचा.

एके दिवशी धडा चालू असताना कुंभाराच्या मुलीने वर पाहिलं. एक शिकारी पक्षी मोहोळाभोवती घिरट्या घालत होता आणि मोहोळावर माश्यांची काळी लाट फिरत होती. तिचे हात भराभर हलले. गुरुजींनीही वर पाहिलं. त्यांनी हातांनीच सांगितलं, माश्या चवताळल्यात, आवाज नको, पळायचं नाही, एकेकाने शेजारच्या देवळात चला.

मुलं उठली. कुणी हूं की चूं केलं नाही. देवळाच्या दारात गुरुजींनी डोकी मोजली, तर एक कमी भरलं. पाटलांचा मुलगा अजून वडाखालीच होता. पाठ फिरवून, पाटीवर रेघोट्या ओढत, तो हाकेची वाट पाहत होता. आणि हाक तर मारता येत नव्हती.

पाटील नेमके देवळातच होते. पोराला पाहून ते ओरडणार, एवढ्यात गुरुजींनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. ते पाटलांना आवरत होते, तोवर कुंभाराची मुलगी परत वडाकडे निघालीसुद्धा.

तिने मुलाच्या खांद्याला हात लावला. तो दचकला. तिने चटकन त्याच्या ओठांवर तळवा ठेवला आणि बोट वर केलं. मग हात धरून दोघं निघाली, इतकी सावकाश, की पाटलांना पाहवेना.

दोघं उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच पक्ष्याने झडप घातली. वडाखाली माश्याच माश्या झाल्या. मागे राहिलेली पाटी दिसेनाशी झाली.

पाटलांनी पोराला कवटाळलं आणि मग ते मुलीपुढे वाकले. "पोरी, तुझे लई उपकार झाले गं." ती नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. शाळेतल्या बाकी कुठल्याही मुलाने तिला ते हातांनी सांगितलं असतं. पाटलांचे हात मात्र तसेच लोंबत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा देवळात भरली. हातांच्या धड्याला पहिल्या रांगेत पोराशेजारी पाटील बसले होते.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "'चुकलो' कसं म्हणायचं?"

"मला नका विचारू," गुरुजी म्हणाले. "तिला विचारा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या भाषेकडे जो पाठ फिरवतो, तो स्वतःच एकटा पडतो.