तातांनी मागे घेतलेली स्तुती

एकदा एक वृद्ध वैद्य नदीकाठी आश्रम बांधून राहत होते. शिष्य त्यांना तात म्हणत. त्यांची सर्वांत हुशार शिष्या म्हणजे वैजयंती. डोळे मिटून, नुसत्या वासावरून ती वनस्पती ओळखी, आणि तिच्या हसण्याने आश्रम जागा होई.

एका चातुर्मासात वैजयंतीने एकवेळ जेवण्याचे व्रत घेतले. भर पाठात तात कौतुकाने म्हणाले, "संयम पाहावा तर वैजयंतीचा!" तिला ते फार गोड वाटले.

व्रत संपले, पण तिचे जेवण काही पूर्ववत झाले नाही. आधी तूप सुटले, मग भात, मग दूध. "मी मघाशीच जेवले," असे सांगून ती पंगत चुकवू लागली. कधी पंगतीत बसावेच लागले, तर पदराआड भाकर लपवून वासराला घाली. भूक नव्हती असे नाही. दिवसभर तिच्या मनात अन्नच असे; काय खाल्ले, काय टाळले, उद्या काय टाळायचे. एक घास अधिक गेला तर अपराध केल्यासारखे वाटे. केस गळू लागले, भर उन्हात हातपाय गार पडू लागले, आणि हसणे तर कधी थांबले ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

एके सकाळी औषध कुटता कुटता ती खलबत्त्याशेजारीच कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा भोवती सगळा आश्रम जमला होता.

"अगं, पोटभर जेव म्हणजे झालं! त्यात अवघड ते काय?" स्वयंपाक पाहणाऱ्या जानकाबाई म्हणाल्या.

"नुसता हट्ट आहे," तिचा गुरुबंधू शिवदेव म्हणाला. "उद्यापासून मी समोर बसून खाऊ घालतो."

वैजयंतीने भिंतीकडे तोंड फिरवले. जेवावेसे वाटते आणि जेवायचीच भीती वाटते, हे वैद्यक शिकणाऱ्या मुलीने कोणत्या तोंडाने सांगायचे?

दुसऱ्या दिवशी पाठाच्या वेळी तात उभे राहिले आणि सर्वांसमोर हात जोडून म्हणाले, "चातुर्मासात मी वैजयंतीची जी स्तुती केली, ती आज मागे घेतो. ती आजाराच्या वाटेवर होती आणि मी तिला शाबासकी दिली. चूक माझी." वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आले, पण छातीवरचे काहीतरी हलके झाले.

त्याच दुपारी तातांनी बैलगाडी जोडली आणि वरच्या गावातून रेवाबाई नावाच्या वैद्यबाईंना घेऊन आले. अशा रोग्यांचा त्यांना दांडगा अनुभव होता. रेवाबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि विचारले, "बाळ, भीती नेमकी कसली वाटते?" इतके दिवस हे कोणी विचारलेच नव्हते. वैजयंती बोलू लागली ती दिवे लागेपर्यंत बोलत राहिली. तात शिष्यासारखे खाली बसून ऐकत होते.

रेवाबाईंनी उपचार सांगितला. थोडे थोडे, ठरल्या वेळी, कोणाच्या तरी सोबतीने जेवायचे. ताटाविषयी कोणी चकार शब्द काढायचा नाही. आणि दर आठवड्याला त्या स्वतः येऊन तिच्याशी बोलणार.

त्या दिवसापासून तात तिच्या शेजारी पाट मांडू लागले. जेवताना ते आपल्या तरुणपणीच्या फजित्या सांगत. पाटलांसाठी केलेला रेचक काढा नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्या व्याह्यांना कसा पाजला गेला, हे ऐकून जानकाबाईंना ठसका लागला. वैजयंतीही खुदकन हसली, आणि तिने एक घास घेतला.

शिवदेवला राहवले नाही. पंगत उठल्यावर तो म्हणाला, "तात, ती चारच घास जेवली आणि तुम्ही गमती सांगत बसलात!"

तात म्हणाले, "शिवदेवा, हा हट्ट असता तर समजुतीने गेला असता. हा आजार आहे. तो ताटात दिसतो, पण राहतो मनात. धाक दाखवलास तर ती तुझ्यासमोर जेवेल आणि तुझ्यामागे लपवेल. तिला पहारेकरी नको आहे, सोबत हवी आहे. आणि मलाही सगळे येत नाही, म्हणून जाणणाऱ्याला बोलावले. त्यात कसला कमीपणा?"

दुसऱ्या दिवशी शिवदेव पाट घेऊन मुकाट्याने तिच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि आपली एक फजिती सांगू लागला.

वाट सरळ नव्हती. एकदा पंधरा दिवस उत्तम गेले आणि सोळाव्या दिवशी वैजयंती रडवेली होऊन आली. "तात, काल मी लाडू मातीत पुरला."

"लाडू गेला तर गेला," तात म्हणाले. "पण आज तू आपणहून सांगितलेस. उपचार लागू पडतो आहे."

वर्ष सरत आले. वैजयंतीच्या गालांवर रंग आला आणि पाठात शिवदेवशी तिचे कडाक्याचे वाद पुन्हा सुरू झाले. एके दिवशी तातांनी विचारले, "भीती गेली का गं?"

ती म्हणाली, "येते अजून, तात. पण आता मी तिला विचारून जेवत नाही."

तात इतके मोठ्याने हसले की जानकाबाई हातातला झारा घेऊन बाहेर धावत आल्या.

आपल्या माणसाचे जेवण तुटले, तर त्याच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसावे.