बनाक्काचा भाता

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण एवढीही जुनी नाही की खोटी म्हणून झटकून टाकावी. नांदरवाडीला तेव्हा दोन आवाजांनी जाग यायची. ओढ्याच्या अलीकडं बनाक्का लोहारणीचा घण आणि पलीकडं गुलाब पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची तार. गावातला प्रत्येक विळा तिच्या हातचा, प्रत्येक गादी त्याच्या हातची. ते आवाज ऐकलेली माणसं आता थोडी उरलीत. त्यांना विचारा, डोळे मिटून सांगतील.

बनाक्काचा नवरा लवकर गेला. तिनं रडणं आटोपलं आणि घण उचलला. तिच्या भट्टीची एक रीत होती. ज्याचं काम त्यानंच भाता ओढायचा, आणि धार कशाला हवी ते मोठ्यानं सांगायचं. त्याशिवाय लोखंडाला पाणी कसं देणार? ज्वारीच्या विळ्याला तापवून बुडवायची तऱ्हा वेगळी, बाभळीच्या कुऱ्हाडीला वेगळी. चुकलं की पातं तुटतं, नाहीतर वाकतं. असं म्हणतात, तिच्या भट्टीपुढं कुणी खोटं बोललं तर लोखंड तापतच नसे.

मग फाळणीचं साल आलं. सगळा देश रागानं उकळत होता. बनाक्काचा एकुलता एक लेक सुभाना मालमोटारीवर क्लीनर होता, तो उत्तरेकडं गेलेला. तिकडून निरोप आला तो एवढाच, की जमावानं मोटार अडवली आणि सुभानाला कापला. देह आला नाही, राखसुद्धा आली नाही.

नांदरवाडीचं डोकं फिरलं. कापणारे कोण, कुठले, कुणाला ठाऊक? पण गावात मुसलमानाचं घर एकच होतं, गुलाबचं. राग असाच आंधळा. लांबचं दिसत नाही म्हणून जवळचं चाचपतो. तालमीतला शिरपा पैलवान चावडीवर म्हणाला, "बाजाराच्या दिवशी पिंजाऱ्याचं घर साफ करायचं." म्हातारेकोतारे होते तिथं. एकाची जीभ उचलली नाही.

आणि बनाक्का? तिनं तर विझलेली भट्टी पेटवली. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचा जुना तुकडा निखाऱ्यात घातला, स्वतःच भाता ओढला आणि रीतीप्रमाणं मोठ्यानं सांगितलं, "गुलाब पिंजारी." लोखंड लालभडक झालं. खोटं नव्हतंच ते.

आळीनं ऐकलं ते ओढ्यापलीकडं पोचायला किती वेळ लागणार? भर दुपारी गुलाब आला. एकटा. येऊन भात्यापाशी बसला आणि दोरी हातात घेतली.

"काय रे इथं?" बनाक्का म्हणाली.

"रीत हाय न्हवं आक्का? ज्याचं काम त्यानं भाता ओढायचा. काम माझं हाय म्हंत्यात."

"ऊठ तिथनं."

"उठतो की. आधी पाणी नीट दे. म्हाताऱ्याची मान हाय, वातड. पातं वाकलं तर गाव तुला नावं ठेवंल."

बनाक्कानं पातं चिमट्यात धरलं आणि पाण्याच्या कुंडीवर नेलं. हात तिथंच थांबला. किती बुडवायचं? सासऱ्यानं विळा शिकवला होता, नांगराचा फाळ शिकवला होता. माणसाच्या मानेला पाणी कसं द्यायचं ते शिकवलंच नव्हतं. आणि तिला वाटलं, माझ्या सुभानासाठीसुद्धा कुठल्यातरी लोहारानं पाणी दिलंच असेल. त्यानं विचारलं नसेल का, बाबा, काय कापायचंय?

ती मटकन खाली बसली. निरोप आल्यापासून अडकलेलं रडू तेव्हा फुटलं. गुलाब भाता तेवढा ओढत राहिला. असं म्हणतात, त्या रडण्यानं रिकामी होत आलेली कुंडी काठोकाठ भरली. ती उठली तेव्हा सुभाना परत आला नव्हता, दुःखही तेवढंच होतं. पण आतला जाळ निवला होता. तेच लोखंड तिनं पुन्हा तापवलं आणि त्याची दाराची कडी घडवली, गुलाबच्या दाराची.

बाजाराच्या दिवशी शिरपा आणि तालमीतली पोरं कोयते घेऊन भट्टीवर आली. बनाक्का कमरेला पदर खोचून उभी. भात्याशेजारी गुलाब बसलेला.

"आक्के, धार लाव. तुझ्या सुभानासाठीच चाललंय हे."

"माझ्या मेलेल्या लेकाच्या आड लपतोस व्हय रे? ओढ भाता. काय कापायचंय ते बोल, मोठ्यानं."

शिरपानं गुलाबकडं बघितलं. हा पैलवान आखाड्यात हात मोडून पडला, तेव्हा महिनाभर गुलाबच्याच गादीवर निजला होता. तो पुटपुटला, "बाभूळ."

भाता फसफसला, निखारे फुलले, पण कोयता काळाच. असं म्हणतात, दिवस कलला तरी कोयता बर्फासारखा गार होता. घामानं निथळणाऱ्या शिरपापुढं गुलाबनं तांब्या धरला. "पी बाबा. जीव जाईल अशानं."

शिरपा पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि परत म्हणाला, "बाभूळ."

आणि कोयता लाल झाला! एक एक करून बाकीच्यांनीही सांगितलं. कुणी ऊस म्हणालं, कुणी कडबा. सगळे कोयते तापले. त्या दिवशी नांदरवाडीत बांधावरच्या बाभळी तेवढ्या तुटल्या.

आता ना तो भाता आहे, ना ती तार. भट्टीच्या जागी वेल्डिंगचं दुकान झालं. विळे-कोयते कारखान्यातून तयार येतात. गुलाबच्या नातवाच्या दाराला कडी मात्र तीच, आणि असं म्हणतात, तिला गंज चढत नाही. बनाक्काची ऐरण लिंबाखाली आहे. नांदरवाडीत कुणीही नवं पातं घेतलं की आधी ते ऐरणीला टेकवतं आणि काय कापणार ते मोठ्यानं सांगतं. बाया विळी टेकवून भाजी म्हणतात. शाळेतली पोरं ब्लेड टेकवून पेन्सिल म्हणतात. मोबाइलवर काहीबाही बघून कुणी फार फुरफुरायला लागलं, तर घरची म्हातारी म्हणते, "जा, ऐरणीपुढं नाव घेऊन ये."

जातात. थोडा वेळ लिंबाखाली उभे राहतात आणि परत येतात. ऐरणीनं आजवर ऊस ऐकला, ज्वारी ऐकली, बाभूळ ऐकली. माणसाचं नाव तिनं एकदाच ऐकलं होतं, बनाक्काच्या तोंडून. त्यानंतर नाही.