धातू नसलेली टिप

डॉ. वैजयंती आंबेकर बोलायला लागल्या की समोरचा पेंगतो, हे त्यांना स्वतःलाच मान्य होतं. झोप येत नसली की त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "वैजू, जरा तुझ्या संशोधनाचं सांग गं."

हे संशोधन म्हणजे सातपूरच्या एका कारखान्यात बनणाऱ्या, पोलाद कापायच्या हत्यारांच्या टोकाला बसणाऱ्या टिपा. सिरॅमिकची कठीण भुकटी आणि थोडा धातू एकत्र भाजून त्या तयार व्हायच्या. एके दिवशी मालक धनराजशेठ गरजले, "झिजत नाही ते सिरॅमिक. मग हा मऊ धातू हवाच कशाला? काढून टाका, नाहीतर तुमचा विभागच बंद करतो!"

बाईंनी समजवायला तोंड उघडलं आणि शेठना जांभई आली. तेव्हा बाईंनी आपल्या वक्तृत्वाला हात जोडले आणि मुकाट्याने धातूविना टिप बनवली.

चाचणीला सगळे दांडा गरगर फिरवणाऱ्या लेथ यंत्राभोवती जमले. गुळगुळीत दांड्यावर टिप सरसर चालली.

"बघा!" शेठ म्हणाले. "याला डॉक्टरेट लागत नाही."

"खरं आहे शेठ. आता गिऱ्हाइकांचा रोजचा माल लावू," म्हणत बाईंनी खाचा असलेला दांडा चढवला. पहिल्याच खाचेच्या दणक्याला टिपेचे तुकडे उडाले.

"ही काय टिप झाली?" शेठ ओरडले.

बाईंनी एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"नीट बघा शेठ, कुठे झिजलीय का?"

शेठनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि ते खो खो हसले.

"म्हणजे दणके सोसायला मऊच लागतो तर! घाला बाई, तुमचा धातू घाला."