आदल्या माणसांचं जातं

फार वर्षांपूर्वी, किती ते विचारू नका, कारण वर्षं मोजायची रीतही तेव्हा निघाली नव्हती, दगड मऊ होता. कणकेसारखा. माणसं त्याला थोपटून घर करायची, चिमटीत धरून वाटी करायची. डोंगराला 'जरा सरक' म्हटलं की तो सरकायचा. झाडं हाकेला ओ द्यायची. त्या माणसांना मरण नव्हतं. मरायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणतात.

मग ते युग सरलं. एका सकाळी दगड टणक झाला तो झालाच. झाडं मुकी झाली. आपल्यासारखी माणसं आली, त्यांच्यामागून लोखंड आलं, आणि दगडावर घाव पडायला लागले. तो आवाज त्या जुन्या माणसांना सोसवेना. ती सतरा जणं सोनदरीच्या मांडव्या डोंगरात शिरली आणि आत राहिली. त्यांना आदली माणसं म्हणतात. आदल्या युगातली, म्हणून आदली.

आता येसाईचं ऐका.

येसाई पाथरवटाची लेक आणि पाथरवटाचीच सून. तिचा नवरा शिदू विहिरी खणायचा, आणि ती गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावायची. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणा फुटत नाही, नुसता गडगडतो. मग छिन्नी-हातोडीने दगडावर बारीक खाचा पाडाव्या लागतात, तेव्हा कुठे ते पुन्हा पीठ देतं. त्यालाच टाकी लावणं म्हणतात. येसाई वेशीतूनच आरोळी द्यायची, "जात्याला टाकीऽऽ!" आणि दगडावरून नुसता हात फिरवून सांगायची, या घरात शेवटचं कुणी दळलं.

"सुनेने दळलंय," ती म्हणायची. "आणि सासूच्या नावाने दात खात दळलंय."

"गप गं येसे, घरात भांडण लावशील!" सासू ओरडायची.

"मी कशाला लावू? तुमचा दगडच चुगल्या करतोय."

तर एका साली सोनदरीने मांडव्याच्या पायथ्याला विहीर खणायला घेतली. शिदू सहा पुरुष, म्हणजे सहा माणसांच्या उंचीइतका, खोल उतरला होता. सकाळची वेळ. कडेचा कातळ सुटला आणि विहिरीत जाऊन बसला. दहा बैल एकावर एक रचावेत एवढा कातळ. शिदू खाली राहिला. पण चिरडला नाही. कातळाखाली थोडी पोकळी राहिली होती, आणि त्या पोकळीतून तो पहारीने ठोकत होता. ठक. ठक. ठक.

अख्खं गाव काठावर जमलं. कातळावर घाव घालावा तर तो आणखी खाली बसणार आणि शिदूचा चेंदा होणार. न घालावा तर शिदू तहानेने जाणार. दोन दिवस गाव नुसतं बोलत राहिलं. तिसऱ्या दिवशी धोंडजी पाटील हळदकुंकवाचं ताट घेऊन आले.

"येसे, आता हात जोड. कातळावर वाहू आणि माती लोटू."

येसाईने ते ताट त्यांच्याकडेच परत लोटलं. "पाटील, माझा माणूस खाली ठोकतोय. ठोकणाऱ्यावर कुणी माती लोटतं का? तुम्हाला घाई असेल तर घरी जाऊन जेवा."

तिने कमरेला दोर बांधला, खाली उतरली आणि कातळाला कान लावला.

"येसे, तू आहेस का?" आतून शिदूचा आवाज आला, चिंधीसारखा विरलेला.

"मी आहे. बोलू नका. वारा जपून घ्या."

मग तिला आणखी एक आवाज ऐकू आला. खालून नव्हे, आडवा, डोंगराच्या पोटातून. घर्रर्र, घर्रर्र. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं पाणी असेल, नाहीतर भूत. येसाईला तो आवाज जन्माचा ओळखीचा. डोंगराच्या आत जातं फिरत होतं, आणि फुकट फिरत होतं. दाणा फुटत नव्हता.

जिथे जातं आहे तिथे माणूस आहे, असा तिने विचार केला. ती वर आली आणि आवाजाच्या मागाने डोंगराला वळसा घालून चालत राहिली. एका कपारीतून तो आवाज येत होता. कपार एवढी अरुंद की शेळी अडकावी. येसाई टोपली पुढे ढकलत आडवी पडून आत शिरली.

आत दगडच उजेड देत होते, असं म्हणतात. आणि त्या उजेडात ती सतरा जणं होती. उंच, किडकिडीत, अंगाचा रंग कातळाचा, भुवयांवर शेवाळ. आठ जण मिळून एक जातं ओढत होते. जातं कसलं, खळंच ते. वरून बाजरी वैरत होते, खालून अख्खीच्या अख्खी बाजरी बाहेर पडत होती. ती गोळा करून पुन्हा वैरत होते.

त्यांच्यातली सगळ्यांत थोरली, तिला ते मोठी आई म्हणायचे, तिने येसाईच्या टोपलीतली छिन्नी पाहिली आणि तोंड फिरवलं.

"तू दगडाला मारणारी," ती म्हणाली. "तुझे घाव आम्ही इथे बसून ऐकतो. तुझ्या माणसाला दगडाने धरलाय. धरू दे."

येसाईची नजर जात्यावरच होती. तिच्याने राहवलं नाही. "मोठी आई, हे जातं आहे का आरसा? कधीपासून दळताय असं?"

"युग सरलं तेव्हापासून."

"आणि खाता काय?"

त्यांना मरण नव्हतं, पण भूक होती. त्यांची कणगी जादूची, कधी रिती व्हायची नाही. पण ती बाजरी त्या युगातली. दळल्यावाचून शिजायची नाही, दातांनी फुटायची नाही. इतकी वर्षं ती माणसं भरल्या कणगीपाशी उपाशी बसली होती.

"जातं बिघडलं की आम्ही ते मऊ करतो," मोठी आई म्हणाली. "तेवढी कळा अजून हातात आहे. मऊ करतो, थोपटतो, मायेने हात फिरवतो. तरी दळत नाही."

येसाईने कपाळावर हात मारला. "अहो, थोपटून थोपटून तर गुळगुळीत केलंत ते! त्याला खाचा हव्यात. आणा इकडे, मी टाकी लावते. तुम्ही पोटभर खा, आणि मग तेवढी कळा माझ्या माणसाच्या कातळाला लावा."

"मारणार? आमच्या जात्याला?" सतराही जणं जात्यासमोर आडवी उभी राहिली.

"पोरीचे केस विंचरताना तिला लागतं," येसाई म्हणाली. "म्हणून आई काय जटा होऊ देते?"

मोठ्या आईने खूण केली तशी त्यांनी वरचा दगड उचलून बाजूला ठेवला. मग ती जात्यापाशी बसली आणि आपला पंजा दगडावर पसरला. "माझ्या बोटांच्या मधे मार. दगडाला दुखलं तर मला कळेल. दुखलं की तू थांबायचंस, आणि तशीच निघून जायचंस."

आता सांगा, असा घाव कुणी घालावा? एक हातोडी चुकली तर जिला मरण नाही तिचं बोट तुटायचं, आणि तुटलेलं बोट घेऊन ती जन्मोजन्म बसायची. शिवाय शिदूचं ठोकणं येसाईला इथूनही ऐकू येत होतं. ठक. मग बऱ्याच वेळाने ठक. शिदू दमत चालला होता. पण घाईने मारलेली टाकी दाणा धरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने छिन्नी टेकवली आणि मुंगी चालावी इतक्या हलक्या हाताने पहिला घाव घातला.

मोठी आई डोळे मिटून बसली होती.

"दुखतंय का?" येसाईने विचारलं.

"थांब." मग तिच्या शेवाळलेल्या भुवया वर गेल्या. "नाही गं. त्याला पाठ खाजवल्यासारखं वाटतंय! जरा डावीकडे घे म्हणतोय."

मग येसाई थांबली नाही. पंजा सरकत गेला तशी टाकी सरकत गेली, आणि दर थोड्या वेळाने ती विचारत गेली, दुखतंय का. एका बोटालाही ओरखडा आला नाही. जातं जोडलं, बाजरी वैरली, आणि पीठ पडलं. पांढरंशुभ्र पीठ, भुरूभुरू. सतरा जणं त्याच्याकडे बघतच राहिली. येसाईनेच भाकरी थापल्या, कारण थापायच्या कशा हे ती माणसं विसरून गेली होती. पहिला घास घेताना मोठी आई लहान पोरासारखी रडली, असं म्हणतात.

जेवून उठली ती माणसं आणि आतून डोंगराला हात लावून उभी राहिली. विहिरीच्या काठावर धोंडजी पाटलांनी डोळ्यांनी पाहिलं, कातळ सैल पडला, कणकेसारखा भिजला, आणि त्यातून आधी पहार वर आली, मग शिदूचं डोकं. छातीपर्यंत दगड माखलेला, मुशीतून काढलेल्या मूर्तीसारखा. गावाने दोर टाकून त्याला ओढून घेतला. मागोमाग पाणी आलं.

येसाई धावत काठावर पोचली तेव्हा तो पाणी पिऊन बसला होता.

"येसे," तो म्हणाला, "भाकरीचा वास कुठून येतोय गं? तीन दिवस मी उपाशी, आणि तू कुणाला जेवू घालून आलीस?"

तो कातळ विहिरीच्या कडेला तसाच पुन्हा टणक झाला. त्यावर चौतीस पंजे उठलेले आहेत. पाणी उतरलं की दिसतात.

पुढे येसाई दर साली मांडव्यात जायची आणि टाकी लावून यायची. शिदू गेल्यावरही जायची. पाठीला बाक आला तरी जायची. एका साली गेली ती परत आली नाही. लोकांनी कपार शोधली, तर तिथे सपाट कातळ होता, आतून नुकताच थोपटल्यासारखा. जिने त्यांना घास दिला तिला त्यांनी मरणाच्या हाती दिली नाही, असं म्हणतात. आता तीही त्यांच्यात बसून आपले घाव ऐकते.

सोनदरीत आजही दगडावर एकट्याने घाव घालत नाहीत. उंबरा बसवायचा असो, पाटा टाकायचा असो, घरातली थोरली बाई आधी दगडावर पंजा पसरते. गिरणीवाला दगडाला टाकी लावायला बसला की मोटर बंद करतो आणि आईला हाक मारतो. ती पिठाचे हात पदराला पुसत येते, छिन्नीशेजारी हात ठेवते, डोळे मिटते आणि विचारते, "येसाई, दुखतंय का गं?"

मग सगळे गप्प होतात. रांगेतली गिऱ्हाइकंही. ती डोळे उघडून "मार" म्हणेपर्यंत हातोडी खाली येत नाही.